फौजी अंमलदारांची वास्तुचित्रे : दख्खनच्या इतिहासाचे एक उपेक्षित साधन

मराठी इतिहाससंशोधनाची परंपरा मुख्यतः कागदावर पोसली गेली. राजवाडे, वासुदेवशास्त्री खरे, सरदेसाई यांच्या पिढ्यांनी दप्तरे धुंडाळली, वाड्यांच्या माळ्यांवरील रुमाल सोडले आणि पत्रे, सनदा, महजर, जमाखर्च यांतून इतिहास उभा केला. ही कामगिरी एवढी मोठी होती की, इतिहासाचे साधन म्हणजे लेखी कागद, असे समीकरणच मराठी मनात रुजून बसले. शिलालेखांना आणि नाण्यांना त्यात मानाचे पान मिळाले. चित्र मात्र बहुतांशी दिवाणखान्याची शोभा म्हणूनच राहिले. कागदांच्या जोडीने चित्रेही आवर्जून जमविणारे द. ब. पारसनीस यांच्यासारखे संशोधक अपवादच म्हणावे लागतील.

या उपेक्षेत एक मोठे साधन बाजूला पडले. साधारणपणे १७९० ते १८६० या सत्तर वर्षांत ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतील अंमलदारांनी हिंदुस्थानातील देवळे, लेणी, मशिदी, कबरी, किल्ले आणि राजवाडे यांची असंख्य चित्रे काढली. त्यांतील काही छापली गेली, पुष्कळशी वह्यांतच राहिली आणि बहुतेक सर्व साहेबांच्या सामानाबरोबर सातासमुद्रापलीकडे गेली. वेरूळ, दौलताबाद, विजापूर, हंपी, अमरावती या स्थळांचे छायाचित्रपूर्व काळातील रूप पाहावयाचे झाले, तर या चित्रांकडे वळण्यावाचून गत्यंतर नाही. तथापि ही साक्ष जेत्याची आहे. ती कोणत्या हेतूने दिली गेली, ती देताना कोणाची मदत घेतली गेली आणि कोणाचे नाव गाळले गेले, हे तपासल्याशिवाय ती जशीच्या तशी स्वीकारणे योग्य होणार नाही.

शिपायाच्या हाती कुंचला का आला?

आजच्या वाचकाला प्रथम आश्चर्य वाटते ते याचे की, तलवार चालविणाऱ्या माणसाला चित्रे काढण्याची हौस कशी असावी? वस्तुतः ही केवळ हौस नव्हती. ते शिक्षण होते. छायाचित्राचा शोध लागण्यापूर्वी शत्रूचा किल्ला, घाटाची वाट, नदीचा उतार यांची माहिती वरिष्ठांकडे पोहोचविण्याचे दोनच मार्ग होते : लेखी वर्णन आणि रेखाटन. तोफखान्याच्या आणि इंजिनिअर पथकाच्या अंमलदाराला भूप्रदेशाचे हुबेहूब चित्र काढता येणे आवश्यक मानले जाई. इंग्लंडातील वूलिच येथील लष्करी विद्यालयात पॉल सँडबी हा नामांकित निसर्गचित्रकार १७६८ पासून जवळजवळ तीन दशके चित्रकलेचा शिक्षक होता, ही एकच गोष्ट या विषयाला दिलेले महत्त्व दर्शविण्यास पुरेशी आहे. कंपनीने १८०९ साली ॲडिसकोम्ब येथे स्वतःचे लष्करी विद्यालय काढले, तेव्हा तेथेही गणित, तटबंदी आणि मोजणी यांच्या पंक्तीला चित्रकला बसली.

साधने सुटसुटीत असत. शिसपेन्सिल, पातळ जलरंगांची पेटी, कागदांची वही. १८०६ मध्ये वॉलस्टन या शास्त्रज्ञाने ‘कॅमेरा ल्युसिडा’ नावाच्या लोलकाच्या उपकरणाचे पेटंट घेतले. त्यातून समोरच्या दृश्याची प्रतिमा कागदावर पडल्याचा भास होई आणि तिच्या कडा पेन्सिलीने गिरविता येत. ज्यांचा हात मुळात कच्चा होता, त्यांचीही यामुळे सोय झाली.

शिक्षणाला पुढे अभिरुचीची जोड मिळाली. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडात भग्न अवशेष, वेली चढलेल्या भिंती, कड्यावरचा बुरूज अशा ‘चित्रमय’ दृश्यांचे वेड पसरले होते. थॉमस आणि विल्यम डॅनियल या काका-पुतण्यांनी हिंदुस्थानात वर्षानुवर्षे फिरून काढलेल्या दृश्यांचे १४४ छाप १७९५ ते १८०८ या काळात लंडनमध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा त्या वेडाला पूर्वेकडचा एक नवा प्रदेश सापडला. छावणीत कंटाळलेल्या तरुण लेफ्टनंटापुढे आता आदर्श होता. डॅनियल व्यावसायिक चित्रकार होते. पण कंपनीच्या पलटणी जेथे जेथे जात, तेथे कोणी ना कोणी अंमलदार वही घेऊन बसलेला असे.

फौजेच्या आधी : पुण्याचा गंगाराम

दख्खनपुरती ही कथा फौजी छावणीत नव्हे, तर पुण्याच्या संगमावरील इंग्रज वकिलातीत सुरू होते. सर चार्ल्स मॅलेट हा १७८६ पासून पेशव्यांच्या दरबारी इंग्रजांचा रेसिडेंट होता. त्याला पुराणवस्तूंची आवड होती. वेरूळच्या लेण्यांची चित्रे त्याने करवून घेतली ती गंगाराम चिंतामण नवगिरे तांबट या पुण्याच्या कारागिराकडून. तांबटाच्या घरात वाढलेल्या या माणसाची नजर घडीव वस्तूची होती. कैलास लेण्याची त्याने काढलेली चित्रे पाहिली की, दगडाचे वजन, खांबांची मांडणी आणि सावलीतील खोली त्याने किती सूक्ष्मपणे टिपली आहे, हे ध्यानात येते. ती चित्रे आज अमेरिकेतील येल येथील ब्रिटिश कलासंग्रहात आहेत.

पुढे जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार पुण्यात आला. सवाई माधवराव, नाना फडणीस आणि महादजी शिंदे यांची त्याने काढलेली चित्रे प्रसिद्धच आहेत. सवाई माधवरावांच्या आश्रयाने शनिवारवाड्यात चित्रकलेची शाळाही भरू लागली आणि गंगारामचा तिच्याशी निकटचा संबंध आला. एखाद्या मराठी दरबाराने पाश्चात्त्य पद्धतीच्या चित्रशिक्षणाला जागा देण्याचा तो आरंभीचा प्रयत्न होय. दुर्दैवाने १७९५ च्या ऑक्टोबरात सवाई माधवराव गेले आणि पुढच्याच महिन्यात लेण्यांच्या कामावर असताना साष्टी बेटाच्या परिसरात वेल्सही तापाने वारला. शाळा मोडली.

वेल्सची वेरूळची रेखाटने थॉमस डॅनियलने कोरून १८०३ साली चोवीस दृश्यांचे पुस्तक प्रसिद्ध केले. त्याच्या मुखपृष्ठावर वेल्सचे नाव आहे, डॅनियलचे नाव आहे. याच लेण्यांत बसून ज्याने मॅलेटसाठी चित्रे काढली, त्या गंगारामचे नाव तेथे नाही. मुद्दा मानापमानाचा नाही. ज्यांनी प्रत्यक्ष पाहिले आणि रेखाटले, त्यांतील एक संपूर्ण वर्ग इतिहासातून निनावी होऊन गेला, त्या प्रक्रियेचा हा पहिला ठळक नमुना आहे.

मॅकेन्झीची मोजणी आणि अमरावतीचे दगड

लष्करी रेखाटनाला इतिहाससाधनाचे खरे मोल मिळवून दिले ते कर्नल कॉलिन मॅकेन्झी याने. स्कॉटलंडच्या वायव्येकडील लुईस बेटावर जन्मलेला हा इंजिनिअर १७८३ मध्ये मद्रासला उतरला. निजामाच्या मुलखात कंपनीच्या फौजेबरोबर असताना त्याने दख्खनच्या मोजणीला हात घातला. श्रीरंगपट्टण पडल्यावर १७९९ पासून सुमारे दशकभर त्याने म्हैसूरच्या मुलखाची मोजणी केली. त्याच सुमारास हंपीचे अवशेष त्याने नकाशात आणि रेखाटनांत उतरविले. त्याच्या मोजणीत केवळ कोन आणि अंतरे नव्हती. गावोगावचे शिलालेख, कैफियती, स्थळपुराणे, नाणी आणि वास्तूंची चित्रे असा मोठा संग्रह त्याने जमविला. १८१५ मध्ये तो साऱ्या कंपनी मुलखाचा सर्व्हेअर जनरल झाला आणि १८२१ मध्ये वारला.

अमरावतीचा प्रसंग या चित्रांची किंमत सर्वांत स्पष्टपणे दाखवितो. कृष्णेच्या काठचा हा बौद्ध स्तूप मॅकेन्झीने अठराव्या शतकाच्या अखेरीस प्रथम पाहिला. स्थानिक जमीनदार वासिरेड्डी वेंकटाद्री नायडू यांनी तेथे नवे गाव वसविण्यास घेतले होते आणि टेकडीतील कोरीव शिळा बांधकामासाठी काढल्या जात होत्या. १८१६ मध्ये मॅकेन्झी पुन्हा आला, तेव्हा स्तूपाच्या मध्यभागी तळ्यासारखा खड्डा झालेला होता. त्याने आपल्या हाताखालच्या मंडळींकडून उरलेल्या शिळांची ऐंशीवर मापी रेखाटने करवून घेतली. त्यांतील कित्येक शिळा पुढे नाहीशा झाल्या. त्यांचे अस्तित्व आता केवळ त्या कागदांवर आहे. मूळ दस्तऐवज जळाल्यावर उरलेल्या नकलेला जे मोल येते, तेच या रेखाटनांना आले आहे.

मॅकेन्झीच्या बाबतीत एक गोष्ट नमूद केली पाहिजे. बोरय्या, लक्ष्मय्या हे कावली घराण्यातील बंधू आणि धर्मय्या हे जैन पंडित यांच्यावाचून आपले काम झाले नसते, याची जाणीव त्याने बाळगली. टॉमस हिकी या चित्रकाराने १८१६ मध्ये त्याचे जे तैलचित्र काढले, त्यात लाल लष्करी कोटातील कर्नलच्या भोवती त्याचे एतद्देशीय सहकारी उभे आहेत. त्या काळच्या मानाने ही विरळा कृतज्ञता होय.

कॅप्टन ग्रिंडले : छावणीपासून पेढीपर्यंत

पश्चिम हिंदुस्थानची दृश्ये युरोपात लोकप्रिय करणारा अंमलदार म्हणजे कॅप्टन रॉबर्ट मेलव्हिल ग्रिंडले. १७८६ साली जन्मलेला हा मुलगा सतराव्या वर्षी, १८०३ मध्ये, कॅडेट म्हणून मुंबईस आला. त्याने चित्रकलेचे रीतसर शिक्षण घेतले नव्हते. हात स्वतःच तयार केला. मुंबईच्या देशी पायदळात नोकरी करीत तो दख्खन, गुजरात, काठेवाड असा फिरला आणि १८२० च्या सुमारास निवृत्त होऊन मायदेशी परतला. १८२६ ते १८३० या काळात त्याने पश्चिम हिंदुस्थानातील देखावे, पेहराव आणि वास्तू यांवरील छत्तीस रंगीत चित्रांचा ग्रंथ सहा भागांत प्रसिद्ध केला.

या ग्रंथात दौलताबादचा डोंगर आहे, औरंगाबाद आहे, वेरूळचे कैलास आहे, बोरघाट आणि सासवड आहे, गोवळकोंड्याच्या कुतुबशाही कबरी आहेत, मोढेऱ्याच्या सूर्यमंदिराचा मंडप आहे. हैदराबादची ब्रिटिश रेसिडेन्सी त्याने १८१३ मध्ये पाहिली तशी त्यात येते. मेजर कर्कपॅट्रिकने उभारलेल्या या वास्तूत पुढे उस्मानिया विद्यापीठाचे महिला महाविद्यालय भरू लागले. कोठीच्या गजबजाटातून रोज जाणाऱ्याला हीच इमारत एकेकाळी मुसी नदीच्या काठी मोकळ्या बागांत उभी होती, यावर विश्वास ठेवणे अवघड जावे; ग्रिंडलेचे चित्र तो विश्वास देते.

परंतु येथेच सावध व्हावे लागते. अशा ग्रंथातील चित्र वाचकाच्या हाती पडेपर्यंत किती हातांतून जाई, हे पाहण्यासारखे आहे. अंमलदाराचे मूळ रेखाटन घाईत, उन्हात, मुक्कामाच्या तासाभरात केलेले असे. लंडनमध्ये एखादा व्यावसायिक चित्रकार ते पुन्हा नीटनेटके रंगवी. ग्रिंडलेच्या ग्रंथात वेस्टॉल, स्टॅनफील्ड यांच्यासारख्यांचा हात आहे. नंतर तांब्याच्या पत्र्यावर राळेची बारीक पूड चढवून, आम्लाने तो खाऊ देऊन ‘ॲक्वाटिंट’ छाप तयार केला जाई. शेवटी छापलेल्या प्रतींवर कारागीर हाताने जलरंग देत. कोरणाऱ्या आणि रंगविणाऱ्या बहुतेकांनी हिंदुस्थान पाहिलेला नसे. त्यामुळे सह्याद्रीच्या कड्याला युरोपातील डोंगराची धार येई, वडाचे झाड ओकसारखे दिसू लागे आणि दख्खनच्या उन्हाला इंग्लंडातील संध्याकाळचा सोनेरी रंग चढे. बखरीत मूळ घटनेवर जसे सांगणाऱ्यांचे थर चढतात, तसेच थर येथेही असतात.

ग्रिंडलेच्या चरित्रातील उत्तरार्धही बोलका आहे. १८२८ मध्ये लंडनला त्याने एका भागीदारासह पेढी काढली. हिंदुस्थानात जाणाऱ्या-येणाऱ्या साहेबलोकांच्या प्रवासाची, सामानाची, पगार-पेन्शनीची व्यवस्था ही पेढी पाही. तिचीच पुढे ग्रिंडलेज बँक झाली. त्या बँकेच्या पायऱ्या चढणाऱ्या किती मराठी माणसांना ठाऊक असेल की, तिच्या संस्थापकाने तरुणपणी दौलताबादच्या पायथ्याशी बसून चित्र काढले होते? २००० साली ही बँक स्टँडर्ड चार्टर्डने घेतली आणि ते नावही व्यवहारातून मागे पडले.

चित्र दगडावर उतरते तेव्हा

चित्र काढणारा अंमलदार बहुधा इंजिनिअर असल्याने त्याच्याकडे इमारतींच्या दुरुस्तीचेही काम येई. अशा वेळी चित्रातील अभिरुची प्रत्यक्ष वास्तूवर कशी लादली जाते, याचे उदाहरण दिल्लीस घडले. बंगाल इंजिनिअर पथकातील रॉबर्ट स्मिथ हा उत्तम चित्रकार होता. दिल्लीच्या जुन्या वास्तूंची त्याची तैलचित्रे नावाजली गेली. १८०३ च्या भूकंपात कुतुबमिनाराचा माथा कोसळला होता. त्याच्या दुरुस्तीचे काम स्मिथकडे आले आणि ते त्याने कसोशीने केले. मात्र वरचा मूळ भाग कसा होता याचा पुरावा नसताना त्याने स्वतःच्या कल्पनेने १८२८ मध्ये मिनारावर एक छत्री बसविली. पाहणाऱ्यांना ती विशोभित वाटली. १८४८ मध्ये गव्हर्नर जनरल हार्डिंजने ती उतरविली. आजही ती मिनाराजवळच्या हिरवळीवर उभी आहे. पाहिलेले आणि कल्पिलेले यांत भेद न करणाऱ्या चित्रकाराचे यापेक्षा समर्पक स्मारक दुसरे नसेल.

दख्खनमध्ये याची दुसरी, अधिक कठोर बाजू दिसते. १८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यावर सह्याद्रीतील अनेक डोंगरी किल्ल्यांच्या पायऱ्या आणि दरवाजे कंपनीच्या फौजेने सुरुंग लावून उडविले, हेतू हा की पुन्हा कोणी तेथे आश्रय घेऊ नये. त्याच फौजेतील रसिक अंमलदार भग्न किल्ल्यांची मनोहर चित्रे काढीत होते. पडका बुरूज चित्रात काळाच्या ओघाने पडलेला दिसतो. तो कोणी पाडला, हे चित्र सांगत नाही. म्हणून या चित्रांतील प्रत्येक ‘अवशेषा’पुढे थांबून विचारले पाहिजे की, ही पडझड निसर्गाची, उपेक्षेची, की तोफेची?

अजिंठा : एक नाव भिंतीवर, एक आयुष्य भिंतीपाशी

२८ एप्रिल १८१९ रोजी मद्रास फौजेच्या घोडदळातील जॉन स्मिथ हा अंमलदार शिकारीच्या निमित्ताने वाघूर नदीच्या खोऱ्यात आला आणि त्याला अजिंठ्याची लेणी दिसली. दहाव्या लेण्यातील एका खांबावर, प्राचीन चित्राच्या अंगावरच, त्याने आपले नाव, पलटण आणि तारीख कोरली. ज्या कलावंतांनी त्या भिंती रंगविल्या त्यांपैकी बहुतेकांची नावे कोणालाच ठाऊक नाहीत. शिकारीला आलेल्या पाहुण्याचे नाव मात्र तेथे वाचता येते. आसपासच्या गावकऱ्यांना ही लेणी माहीत नव्हती असे मानण्याचे कारण नाही. तथापि बाहेरच्या जगाला त्यांची वार्ता येथून गेली.

जेम्स फर्ग्युसन या वास्तुइतिहासकाराने १८४३ मध्ये रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे निबंध वाचून लेण्यांची हानी कंपनीच्या कानी घातली. परिणामी १८४४ मध्ये मद्रास पायदळातील रॉबर्ट गिल याची भित्तिचित्रांच्या नकला करण्यासाठी नेमणूक झाली. चाळिशीला आलेला हा अंमलदार अजिंठा गावच्या बारादरीत राहू लागला. जवळच असईचे रणांगण, जेथे १८०३ मध्ये वेलस्लीने शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी झुंज घेतली होती. त्या लढाईतील जखमी याच अजिंठ्यात आणले गेले होते. चाळीस वर्षांनी त्याच वाटेने आता कॅनव्हासच्या गुंडाळ्या आणि तेलरंगांच्या पेट्या येऊ लागल्या.

लेण्यांतील काम खडतर होते. आत काळोख, वटवाघळे, ओल. दिवसातील मोजके तास परावर्तित उजेडाचे. गिलने नकला मोठ्या आकारात, तैलरंगांत केल्या. त्याने लेण्यांचे आराखडे आणि खांबांच्या नक्षीची रेखाटनेही केली. वर्षे लोटली. पारो नावाच्या स्थानिक स्त्रीशी त्याचे नाते जुळले; १८५६ मध्ये ती वारली आणि तिची समाधी अजिंठा गावात आहे. ना. धों. महानोरांनी ‘अजिंठा’ या दीर्घकवितेतून (१९८४) ही कथा मराठी वाचकांच्या मनात कायमची रुजविली आणि २०१२ मध्ये ती रुपेरी पडद्यावरही आली. परंतु गिलची खरी शोकांतिका प्रेमकथेपेक्षा वेगळीच आहे.

त्याने सुमारे दोन दशके खपून केलेल्या नकला लंडनजवळ सिडनॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये प्रदर्शनास लावल्या होत्या. डिसेंबर १८६६ मध्ये तेथे आग लागली आणि चार-पाच चित्रे वगळता सर्व भस्मसात झाली. गिल अजिंठ्यातच राहिला. १८७९ मध्ये तो वारला. भुसावळला त्याची कबर आहे. पुढे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतील जॉन ग्रिफिथ्सने पेस्तनजी बोमनजी इत्यादी विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ ते १८८५ या काळात पुन्हा नकला केल्या. त्याही साउथ केन्सिंग्टन येथे पाठविल्या गेल्या आणि १८८५ च्या आगीत त्यांतील बऱ्याचशा गेल्या. दोन पिढ्यांचे श्रम, दोन आगी.

दरम्यान भिंतींवरील मूळ चित्रेही निर्धोक नव्हती. रंग उठून दिसावेत म्हणून एकोणिसाव्या शतकातील नक्कलकारांनी त्यांवर वार्निश लावले होते. ते पुढे पिवळे पडून पोपडे सुटू लागले. हैदराबाद संस्थानाने १९१४ मध्ये पुरातत्त्व खाते स्थापिले आणि गुलाम यझदानी यांच्या देखरेखीखाली १९२० च्या सुमारास इटालियन तज्ज्ञ आणून ते वार्निश काढण्याचे आणि सुटलेला गिलावा पक्का करण्याचे काम करविले. जतनासाठी केलेल्या नकलेनेच मूळ वस्तूला इजा व्हावी, ही या साऱ्या उद्योगाची एक कटू बाजू होय.

कुंचल्याची जागा कॅमेरा घेतो

१८५५ साल हे या परंपरेच्या उताराचे मानावे लागेल. त्या वर्षी मुंबई तोफखान्यातील कॅप्टन बिग्ज याची पुराणवास्तूंची छायाचित्रे घेण्यासाठी नेमणूक झाली आणि विजापूर, बदामी, ऐहोळे येथे तिपाईवरील कॅमेरे उभे राहिले. मद्रास इलाख्यात कॅप्टन लिनीयस ट्राइपने तेच काम केले. गिलनेही कॅमेरा हाती घेतला; त्याच्या छायाचित्रांची दोन पुस्तके फर्ग्युसनच्या मजकुरासह १८६४ मध्ये निघाली. ॲडिसकोम्बचे विद्यालय १८६१ मध्ये बंद पडले.

तरीही मापी चित्रांची गरज संपली नव्हती. विजापूरच्या आदिलशाही वास्तूंचा मोठा चित्रग्रंथ १८५९ मध्ये फर्ग्युसनच्या संपादनाखाली प्रसिद्ध झाला. मुंबई इंजिनिअर्सचा कॅप्टन हार्ट आणि त्याचा सहायक कमिंग यांची नावे त्याच्या मुखपृष्ठावर आहेत. त्यांच्यापुढे ‘आणि देशी नकाशेकार’ एवढेच मोघम शब्द येतात. गोलघुमटाचा व्यास ज्यांनी दोरी धरून मोजला, इब्राहिम रोज्याच्या जाळ्यांतील अक्षरे ज्यांनी एकेक करून कागदावर उतरविली, त्यांचा उल्लेख एवढ्यावरच आटोपला आहे. गंगारामपासून साठ वर्षांनी प्रगती झाली ती इतकीच की, नाव नाही तरी वर्ग नोंदला गेला.

साक्ष कशी तपासावी?

राजवाड्यांनी मराठी संशोधकाला अस्सल आणि नक्कल यांतील भेद शिकविला. तीच कसोटी या चित्रांना लावता येते. पहिली गोष्ट, मूळ रेखाटन आणि छापील चित्र यांत फरक करावा. जेथे दोन्ही उपलब्ध असतील, तेथे रेखाटनाला अधिक मान द्यावा. दुसरी, मापी चित्र आणि देखावा यांत फरक करावा. अमरावतीच्या शिळांचे मॅकेन्झीने करविलेले रेखाटन वेगळे आणि दिवाणखान्यासाठी रंगविलेले दृश्य वेगळे. तिसरी, माणसांकडे पाहावे. देखाव्यात माणसे बहुधा लहान आणि रिकामटेकडी असतात. ती इमारतीचा आकार कळावा म्हणून बसविलेली असतात. देवळात पूजा चालू होती की नाही, कबरीवर उरूस भरत होता की नाही, हे त्यांवरून ठरविता येत नाही. जिवंत वास्तूला मृत अवशेष म्हणून रंगविण्याचा मोह या चित्रकारांना वारंवार पडला आणि एक संपलेली संस्कृती आपण सांभाळीत आहोत, हा राज्यकर्त्यांचा समज त्यातून पोसला गेला.

एवढी चाळणी लावूनही जे उरते ते थोडे नाही. कोणती कमान त्या वेळी उभी होती, तटाबाहेर वस्ती कोठवर होती, लेण्याच्या अंगणात किती गाळ साचला होता, असे अनेक तपशील लेखी कागद कधीच सांगत नाहीत. पुण्याच्या दप्तरात वेरूळच्या देवस्थानाचे हिशेब सापडतील. वेरूळ दिसत कसे होते, हे गंगारामच्याच कागदावर पाहावे लागेल. कागद आणि चित्र यांची गाठ घालणारा अभ्यासक मराठीत निर्माण होणे म्हणूनच आवश्यक आहे. ज्यांना मोडी वाचता येते आणि या प्रदेशाची पायवाट ज्यांच्या पायाखालची आहे, त्यांच्याइतका अधिकारी अभ्यासक लंडनमध्ये मिळणार नाही.

शतक पाहिलेल्या ग्रंथालयाच्या दृष्टीने या इतिहासातून एक व्यावहारिक धडाही निघतो. गिलच्या आणि ग्रिफिथ्सच्या नकला नष्ट झाल्या त्या दुर्लक्षाने नव्हे. त्या मानाने भिंतीवर लावल्या होत्या, पण एकाच जागी होत्या. जुन्या गॅझेटिअरमधील चित्रपाने, घराण्यांच्या पेटाऱ्यांतील छायाचित्रे, एखाद्या हौशी ओव्हरसिअरने काढलेला गावच्या देवळाचा आराखडा, या वस्तू ग्रंथालयांत आणि वाचकांच्या घरी आजही पडून आहेत. त्यांची नोंद करावी, काढणाऱ्याचे नाव शोधून ते नोंदीत लिहावे, प्रत करून दुसऱ्या गावी ठेवावी. पुस्तकाच्या आतील सैल चित्रपान गळून पडते, तेव्हा ते केराच्या टोपलीत न जाता नोंदवहीत जावे, एवढी दक्षता कोणत्याही ग्रंथपालाच्या आवाक्यातील आहे. गंगाराम तांबटाचे नाव उरले ते त्याची चित्रे कोणी तरी जपून ठेवली आणि त्यांवर त्याचे नाव लिहिलेले राहू दिले म्हणून. विजापूरच्या नकाशेकारांच्या वाट्याला ते भाग्य आले नाही.